मदत हवी आहे: घरच्या मीडिया सर्व्हरमधून नेमक्या कोणत्या फायली गेल्या, हे कसे शोधावे?

नमस्कार. गेल्या आठवड्यात माझ्या घरच्या सर्व्हरमधील तीनपैकी एक हार्ड डिस्क बंद पडली. डेटा परत कसा मिळवावा हे मी विचारत नाही, कारण ते काम एका दुरुस्तीवाल्याकडे सोपवले आहे. अडचण त्याच्या आधीची आहे. डिस्कचे हेड, म्हणजे वाचणारा भाग, बदलल्यानंतर ती किती तास तग धरेल याची शाश्वती नसते, तेव्हा सर्वांत आधी काय वाचायचे ते क्रमाने लिहून द्या, असे त्याने सांगितले आहे. क्रम लावायला आधी नावे हवीत, आणि डिस्कबरोबर काय काय गेले हेच मला पुरते ठाऊक नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वडिलांनी जमवलेल्या कॅसेटी मी चार वर्षांपासून संगणकावर उतरवत आहे. गावच्या सप्ताहातील कीर्तने, सांगली आकाशवाणीवरून उतरवून घेतलेले कार्यक्रम, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या असा तो ऐवज आहे. प्रत्येक कॅसेटच्या दोन बाजूंच्या दोन फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारे स्वरूप) फायली होतात आणि फायलीच्या नावात कॅसेटचा क्रमांक, बाजू ‘अ’ की ‘ब’ आणि मजकुराचे नाव असते. घरातल्या सर्वांना टीव्हीवर आणि फोनवर ऐकता यावे म्हणून उबुंटू लिनक्सवर प्लेक्स हे मीडिया सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवले आहे. ४ टीबीच्या तीन डिस्क मर्जरएफएसने एकत्र जोडल्या होत्या, म्हणजे वरून पाहताना एकच मोठा फोल्डर दिसतो, पण प्रत्येक फाईल प्रत्यक्षात कोणत्या तरी एकाच डिस्कवर असते.

नवी फाईल ज्या डिस्कवर सर्वांत जास्त जागा रिकामी असेल तिथे जावी, असे धोरण मी ठेवले होते. तिसरी डिस्क गेल्या वर्षी घेतली, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने सगळे तिच्यावरच गेले आणि तिन्हींची पातळी सारखी झाल्यावर फायली आलटून पालटून पडू लागल्या. परिणाम असा की क्रमांक १८७ च्या कॅसेटची ‘अ’ बाजू शाबूत आहे आणि ‘ब’ बाजू नाही. कीर्तनाचा पूर्वरंग आहे, उत्तररंग गेला. आख्खा फोल्डर गेला असता तर निदान चटकन लक्षात आले असते. मर्जरएफएस कोणती फाईल कुठे ठेवली याची वेगळी नोंद ठेवत नाही, आणि पॅरिटीसाठी, म्हणजे एखादी डिस्क गेली तरी तिचा डेटा पुन्हा उभा करता यावा म्हणून, स्नॅपरेड बसवायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. ते बसवले असते तर त्याच्याकडे शेवटच्या सिंकपर्यंतची फायलींची यादी असती, हे मला माहीत आहे. त्यावरून रागवायचे असेल तर खुशाल रागवा.

डिस्क ११ तारखेच्या रात्री टकटक वाजू लागली. मी सकाळी उठेपर्यंत प्लेक्सचे ठरलेल्या वेळचे स्कॅन होऊन गेले होते. स्कॅननंतर कचरापेटी (न सापडलेल्या फायलींच्या नोंदी) आपोआप रिकामी करण्याचा पर्याय मी चालूच ठेवला होता. एरवी लायब्ररीचा मूळ फोल्डरच सापडला नाही तर प्लेक्स अशी सफाई करत नाही. परंतु मर्जरएफएसमुळे मूळ फोल्डर जागच्या जागी होता, फक्त आतल्या काही फायली नव्हत्या. त्या मी स्वतः पुसल्या असाव्यात असे समजून त्याने त्यांच्या नोंदीही काढून टाकल्या. प्लेक्सच्या पडद्यावर पाहिले तर काही हरवले आहे याचा मागमूससुद्धा नाही.

आतापर्यंत काय केले ते सांगतो, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवण्याचे श्रम वाचतील. प्लेक्स दर तीन दिवसांनी आपल्या डेटाबेसची तारीख घातलेली प्रत काढून ठेवते. त्या फोल्डरमध्ये मला चार प्रती मिळाल्या. १२ तारखेची प्रत सफाईनंतरची असल्यामुळे निरुपयोगी होती, पण ९ तारखेची चांगली निघाली. ती वेगळ्या ठिकाणी नक्कल करून एसक्यूलाइट या डेटाबेसच्या साधनाने उघडली आणि ‘मीडिया पार्ट्स’ या टेबलातून प्रत्येक फाईलचा पूर्ण पत्ता व बाइटमधील आकार बाहेर काढला. एकूण ६,८४२ नोंदी होत्या. उरलेल्या दोन डिस्कवर ‘फाइंड’ ही फायली शोधणारी आज्ञा चालवून दुसरी यादी केली, दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावल्या आणि ‘कॉम’ या आज्ञेने ताडून पाहिल्या. २,१२३ पत्ते केवळ जुन्या यादीत निघाले.

ते सगळे गेलेले नाहीत, कारण मला नावे सुधारत बसण्याची खोड आहे. १० तारखेला मी काही फोल्डरांची नावे बदलली होती. म्हणून नावाऐवजी आकार ताडून पाहिला. अर्ध्या तासाच्या दोन फ्लॅक फायलींचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा येणे जवळपास अशक्य असते. या पद्धतीने ६१ फायली नव्या नावाने सापडल्या आणि २,०६२ उरल्या. इथवरचे काम पक्के झाले आहे असे मी समजतो.

अडचणी यापुढच्या आहेत. ९ तारखेनंतर आणि डिस्क पडण्यापूर्वी भाचीने जुन्या कॅमेऱ्याच्या टेपांवरून उतरवलेले लग्नाचे आणि मुंजीचे चित्रीकरण तिच्या लॅपटॉपवरून थेट सर्व्हरवर टाकले. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणून जागा मोकळी करण्यासाठी तिने स्वतःकडच्या फायली लगेच पुसल्या. किती टेपा झाल्या होत्या हे तिला नक्की आठवत नाही. या फायली ९ तारखेच्या प्रतीत असण्याचा प्रश्नच नाही.

याशिवाय कॅसेटींच्या कव्हरांचे आणि आतल्या चिठ्ठ्यांचे स्कॅन वेगळ्या फोल्डरात होते. तो प्लेक्सच्या कोणत्याही लायब्ररीत नव्हता, म्हणून त्यांची नोंद डेटाबेसमध्ये मुळातच नाही. ‘लोकेट’ या फायली शोधणाऱ्या आज्ञेसाठी आधीच तयार असलेली यादी उपयोगी पडेल असे वाटले होते, पण उबुंटू तिच्यातून ‘/मीडिया’ खालचे सारे वगळते आणि माझ्या डिस्क नेमक्या तिथेच जोडलेल्या होत्या. राहता राहिली माझी एक्सेलमधली नोंदवही. प्रत्येक स्कॅनचे नाव मी तिच्यात लिहिले आहे, त्यामुळे तिच्यावरून यादी करता यावी. पण ताडून पाहिले तर डोळ्यांसमोर असलेल्या कित्येक फायलीही ‘गेलेल्या’ ठरतात. ‘कऱ्हाड सप्ताह’ डिस्कवर आहे, वहीत आहे, आणि तरी जुळत नाही. ‘वऱ्हाडी ओव्या’ आणि ‘दुसऱ्या दिवशीचे कीर्तन’ यांचीही तीच गत आहे. दोन्हीकडची नावे मोठी करून शेजारी शेजारी ठेवली, तरी काडीचा फरक दिसत नाही.

तेव्हा मधल्या दिवसांतील फायलींची नावे कुठून मिळतील, आणि ही सारखी दिसणारी नावे संगणकाला वेगळी का वाटतात, या दोन प्रश्नांवर मार्गदर्शन हवे आहे. दुरुस्तीवाल्याला शुक्रवारपर्यंत यादी द्यायची आहे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम प्लेक्स बंद करा आणि यादी होईपर्यंत सुरू करू नका. एसक्यूलाइटमधून नोंद पुसली तरी तिने व्यापलेले पान लगेच कोरे होत नाही. पूर्ण रिकामे झालेले पान मोकळ्या पानांच्या यादीत जाते आणि त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो. प्लेक्सचे आठवड्याचे डेटाबेस ऑप्टिमायझेशन (डेटाबेस आवळून नव्याने लिहिणे) झाले की मात्र तो हाती लागण्याची आशा सोडा. चालू डेटाबेस आणि त्याच्या शेजारच्या ‘वॉल’ व ‘एसएचएम’ या (ताज्या बदलांशी संबंधित) फायली एकत्र नक्कल करा आणि त्या नकलेवर एसक्यूलाइटची ‘रिकव्हर’ आज्ञा चालवा. जे कोणत्याच टेबलात बसत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या टेबलात पडते. तिथे तुमच्या फोल्डरच्या पत्त्याने शोध घ्या. सगळे मिळेलच असे नाही. सोबत प्लेक्सच्या स्कॅनरचे लॉगही (कामाच्या नोंदी) पाहा, त्यांत पत्ते सापडतात.

शिवाय उरलेल्या दोन डिस्क मर्जरएफएसमधून न पाहता एकेक करून पाहा आणि रिकामे फोल्डर शोधा. मर्जरएफएस एखादी फाईल दुसऱ्या डिस्कवर ठेवते तेव्हा तिथे फोल्डरांची वाट तयार करते, पण मूळ फोल्डर पहिल्या डिस्कवर तसाच राहतो. रिकामा फोल्डर दिसला की त्यातला ऐवज मेलेल्या डिस्कवर होता असा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ आपल्या ‘ऱ’मध्ये आहे. तो तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: एकसंध ‘ऱ’, ‘र’ आणि त्यापुढे वेगळा नुक्ता, किंवा जुन्या कळफलकांप्रमाणे ‘र’, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. पायथनने दोन्ही याद्या एनएफसी (युनिकोडचे एकसंध) रूपात आणल्या की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतंत्रपणे बदलावा लागतो. घाईने ते न दिसणारे चिन्ह नुसते गाळू नका, नाहीतर ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’ होईल आणि जुळणी आणखी बिघडेल. ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. हा बदल फक्त ताडण्याच्या याद्यांत करा, डिस्कवरच्या फायलींची नावे आत्ता बदलू नका.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. ‘ऱ’बद्दलचे निदान तंतोतंत खरे ठरले. वहीतील पहिली दीडशे नावे मी जुन्या संगणकावर टंकली होती आणि पुढची फोनवर, हे तुमचे उत्तर वाचल्यावर आठवले. सुचवल्याप्रमाणे बदल केल्यावर खोट्या नोंदी गळाल्या आणि खरोखर गेलेले ३४ स्कॅन उरले.

‘रिकव्हर’ने भाचीच्या फायलींपैकी पाच नावे दिली आणि लॉगमधून आणखी दोन मिळाली. रिकाम्या फोल्डरांत एक ‘मुंज टेप ४’ नावाचा निघाला, त्याची नोंद मात्र इतरत्र कुठेच नाही. भाचीला विचारले तेव्हा तिने टेपांचे खोके उघडून मोजल्या. ज्यांवर ‘झाले’ अशी चिठ्ठी आहे त्या आठ भरल्या. म्हणजे चित्रीकरणाचा हिशेब जुळला, आणि मूळ टेपा हाताशी असल्याने ते काम क्रमात शेवटी टाकता आले.

यादीच्या शिरोभागी आता आजीच्या ओव्यांच्या १९ फायली आहेत, कारण त्यांतल्या सहा कॅसेटींच्या फिती उतरवताना तुटल्या होत्या आणि त्या पुन्हा वाजणार नाहीत. त्यांखाली कीर्तने, मग आकाशवाणी, मग स्कॅन. एकच शंका उरते: दुरुस्तीवाल्याला देवनागरी नावे जशीच्या तशी द्यावीत, की त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायला सोपे जावे म्हणून आकाराचा बाइटमधील आकडाही प्रत्येक नावापुढे लिहावा? कोणी असे काम करवून घेतले असेल तर गुरुवारपर्यंत सांगावे.