रिकॉलचा माल सिस्टिममध्ये शून्य करायचा की ब्लॉक? आणि काउंट नक्की कसा घ्यायचा?

रॅक_नंबर_सात

नमस्कार मंडळी, एका प्रेशर सेन्सरचं रिकॉल लेटर आलंय सप्लायरकडून. त्यात लॉटची (एका वेळी बनलेल्या मालाच्या गटाची) रेंज आणि डेट कोड दिलेत, आणि म्हणतायत या लॉटचा सगळा माल वेगळा काढा, पाठवणं बंद करा, किती शिल्लक आहे नि किती बाहेर गेला ते कळवा. घोळ असा की पार्ट नंबर चांगल्या-वाईट दोन्ही मालाचा एकच, आणि सुधारित माल येणार तोही त्याच नंबराने. सिस्टिममध्ये ऑन हँड ४१२ दिसतोय, त्यातले २६० रिकॉलच्या लॉटचे, ८२ दुसऱ्या लॉटचे आणि ७० ला लॉटच नाही कारण लॉट ट्रॅकिंग मागाहून चालू केलं होतं.

इथे सगळ्यांचं एकच चाललंय की स्टॉक ॲडजस्टमेंट मारून टाक, आकडा शून्य कर, माल पिंजऱ्यात (कुलुपाच्या जाळीत) ठेव, विषय संपला. मला काही ते पटत नाहीये पण वाद घालायला मुद्दा सापडत नाहीये. तुमच्याकडे कसं करता?

जुना_स्टोअरकीपर

मुद्दा मी देतो. शून्य केलेला माल गोडाऊनमधून जात नाही, तो फक्त सिस्टिममधून जातो. मग पुढच्या सायकल काउंटला (अधूनमधून होणाऱ्या मोजणीला) कोणीतरी नवीन माणूस स्कॅनर घेऊन फिरतो, त्याला पिंजऱ्याच्या बाहेर पडलेला एखादा बॉक्स दिसतो, सिस्टिम म्हणते इथे शून्य आहे, तो म्हणतो अरे माल सापडला, प्लस ॲडजस्टमेंट मारतो आणि तोच रिकॉलचा माल परत चांगला म्हणून पिक लिस्टवर (ऑर्डरसाठी उचलायच्या मालाच्या यादीत) येतो. शिवाय सप्लायरकडे क्लेम लावताना तुझ्याकडे दाखवायला काय राहणार, एक मायनस एंट्री? कुठला लॉट, कुठल्या बिनमधून (रॅकच्या कप्प्यातून), काही नाही. त्यामुळे आकडा तसाच राहू दे, बदलायचं ते फक्त स्टेटस. ऑन हँडमध्ये दिसला पाहिजे, अव्हेलेबलमध्ये दिसता कामा नये, एवढं साधं आहे.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी होल्ड (म्हणजे स्टेटस बदलून माल अडवणं), मग काउंट. बरेच जण उलटं करतात, मोजत बसतात आणि तोवर दुसऱ्या टोकाला पिकिंग चालूच असतं, मग काउंट कधीच जुळत नाही. होल्ड टाकल्यावर लगेच ओपन ऑर्डर बघ, कारण जो माल आधीच अलोकेट झालाय (ऑर्डरच्या नावे राखून ठेवलाय) किंवा पिक होऊन पॅकिंग टेबलवर पडलाय त्याला होल्ड आपोआप लागेलच असं नाही. काही सिस्टिम अलोकेशन सोडवल्याशिवाय होल्ड घेतच नाहीत, काही घेतात आणि ऑर्डर नुसती लटकत ठेवतात. ती अलोकेशन हाताने काढ आणि पॅकिंग, डिस्पॅच बे, शाखांमधला ट्रान्झिट माल या सगळ्या जागा स्वतः जाऊन बघ. लेटर आल्यावर जो माल बाहेर जातो तो याच जागांवरून जातो, रॅकवरून नाही.

बॅचताई

वरचं सगळं बरोबर, फक्त एक भर. क्वारंटाइन म्हणजे नुसतं नवीन लोकेशन काढलं आणि माल तिकडे ट्रान्सफर केला असं बरेच लोक करतात, पण ते लोकेशन अव्हेलेबलच्या हिशोबात धरलं जातंय का हे आधी तपासा. ओडू सॉफ्टवेअरमध्ये क्वारंटाइनचं लोकेशन मेन स्टॉक लोकेशनच्या आत बनवलं तर तो माल ऑर्डरला बिनधास्त रिझर्व्ह होतो, नाव काही का असेना. सॅपमध्ये हे स्टॉक टाइपनेच होतं, मुव्हमेंट टाइप (एंट्रीचा कोड) ३४४ ने अनरिस्ट्रिक्टेडचा, म्हणजे मोकळ्या मालाचा, ब्लॉक्ड, आणि परत सोडायचा असेल तर ३४३. ब्लॉक्ड स्टॉकची किंमत बॅलन्समध्ये तशीच राहते, त्यामुळे अकाउंट्सवाले ओरडणार नाहीत, आणि नंतर भंगारात काढायचा तर ५५५ ने थेट ब्लॉक्डमधून निघतो.

७० चा प्रश्न: लॉट माहीत नाही म्हणजे तो संशयित, म्हणून तोही होल्डमध्ये. ऑटोवाल्यांच्या आयएटीएफ १६९४९ या क्वालिटी स्टँडर्डमध्ये तर हे स्पष्टच आहे, ज्या मालाचं स्टेटस कळत नाही तो नॉनकन्फॉर्मिंग (सदोष) धरूनच सांभाळायचा. ७० च्या ७० ब्लॉक करा, मग एकेक उघडून पार्टवरचा डेट कोड बघा आणि जे रेंजबाहेरचे आहेत तेवढेच सोडा. बॉक्सवरच्या लेबलवर विसंबू नका प्लीज, कारण रिपॅक झालेल्या मालात बॉक्स एका लॉटचा आणि आतला पार्ट भलत्याच लॉटचा निघतो. अजून एक, तुमच्या सिस्टिममधला लॉट हा सप्लायरचा लॉट आहे की जीआरएनला (माल आल्याच्या पावतीला) तुम्हीच पाडलेला नंबर? तुमचा असेल तर रिकॉल लेटरमधली रेंज त्या फील्डमध्ये शोधून काही हाती लागणार नाही, व्हेंडर बॅचचं फील्ड वेगळं असतं आणि बहुतेक ठिकाणी ते रिकामं असतं.

कोडवाला_पण_गोडाऊनातला

रिऑर्डर कोणीच बोललं नाही!! २६० आणि ७० मिळून ३३० ब्लॉक झाले की अव्हेलेबल फक्त ८२, तो आकडा रिऑर्डर लेव्हलखाली गेला की रात्री रिऑर्डर रन होणार आणि त्याच पार्ट नंबरची पीओ (खरेदी ऑर्डर) त्याच सप्लायरला ऑटोमॅटिक जाणार. सुधारित माल अजून तयार नसेल तर काय येणार? त्यांच्या डेपोत पडलेला तोच माल. आधी पार्टचा ऑटो रिऑर्डर बंद करा, मग रिसिव्हिंगला नियम टाका की या रेंजचा लॉट स्कॅन झाला की सरळ होल्डमध्येच उतरला पाहिजे, पुट-अवेची (माल रॅकवर लावायची) बिन सुचवायचीच नाही. हाच नियम रिटर्न काउंटरलाही, कारण कस्टमरकडून परत आलेला माल लॉट न बघता पार्ट नंबर मारून चांगल्या बिनमध्ये टाकायची सवय सगळीकडे आहे आणि रिकॉल चालू असताना सगळ्यात जास्त रिटर्न त्याच पार्टचे येतात.

काउंटचं म्हणाल तर ब्लाइंड काउंट. हँडहेल्डवर अपेक्षित आकडा दिसला की माणूस तोच टाकतो, मोजत नाही. आणि युनिट बघा, एकजण बॉक्स मोजतो एकजण नग मोजतो आणि मग दोन तास त्यावरच भांडण.

रॅक_नंबर_सात

सगळ्यांचे आभार, शून्य करायचं रद्द झालं. २६० वर आधी होल्ड टाकला मग ७० वर. पॅकिंगवर दोन ऑर्डर निघाल्या ज्यात हाच माल होता, थांबवल्या. पिंजऱ्यात २६० च्या जागी २५२ च मोजले गेले, आणि ७० मधले १९ डेट कोडने रेंजमध्ये निघाले, बाकी ५१ सोडले. म्हणजे पिंजऱ्यात २७१. आता सप्लायरला कळवायचंय तर हिशोब असा लावला: त्या लॉटच्या जीआरएन जुन्या फायलींतून काढल्या, एकूण आलेला माल ६००. पिंजऱ्यात २७१, कस्टमर ऑर्डरवर गेला २८४, किट बनवायला इश्यू झाला ३६. बेरीज ५९१. म्हणजे ९ कुठे गेले कळत नाहीये. ते विकल्यात धरू का?

जुना_स्टोअरकीपर

अजिबात नको. विकल्यात धरलेस तर सप्लायर त्या ९ नगांच्या कस्टमरची नावं मागेल, ती कुठून आणणार? आधी शोध. माझा अंदाज सांगतो: वर्कशॉपच्या टेबलवरचा ट्रे, सर्व्हिसवाल्यांच्या बॅगा, क्यूसीच्या कपाटातले सॅम्पल. हा माल खर्चात टाकलेला असतो, सिस्टिमच्या लेखी तो संपला, पण प्रत्यक्षात तिथे पडून असतो आणि गाडीत किंवा मशिनमध्ये जाऊन बसतोही. त्यावर कुठलाच होल्ड लागत नाही, माणूसच पाठवावा लागतो. तरीही नाही सापडले तर सप्लायरला ‘हिशोब लागत नाही’ असं लिहून ९ च कळव, लपवू नको. आणि २५२ चं, बिनमधून उचलताना किती आणि पिंजऱ्यात पोचल्यावर किती असे दोन आकडे घेतलेत का? घेतले असतील तर ते ८ बिनमध्येच कमी होते की वाटेत गेले ते लगेच कळेल.

बॅचताई

आणि ते ३६ किटमध्ये गेले म्हणून सुटले नाहीत. किटचा पार्ट नंबर वेगळा आहे त्यामुळे तुमचा होल्ड तिथपर्यंत पोचलेलाच नाहीये, ती किटं आत्ता या क्षणी अव्हेलेबल दिसत असणार. व्हेअर यूज्ड रिपोर्ट (पार्ट कशाकशात वापरला त्याची यादी) काढा, किट ऑर्डरला कुठला लॉट इश्यू झाला ते बघा आणि जी किटं शेल्फवर आहेत त्यांनाही होल्ड लावा. लॉट नोंदवला नसेल तर त्या काळात बनलेली सगळीच किटं.

रॅक_नंबर_सात

बघितलं. १४ किटं शेल्फवर होती आणि त्यातली एक आजच्याच पिक लिस्टवर. काढून घेतली. बाकी २२ कुणाकडे गेली ती यादी आता सेल्सकडून काढतोय.