मगरीच्या दाताला इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, नसते? कोणी सांगितलं बाप्पा!

कापूसवाला वणी: काल इथं ताडोबाच्या मगरीचा फोटो टाकून लिहिलं होतं, "सरपटणाऱ्यांच्या दाताला इनॅमल नसते, त्याचे जीन सस्तन प्राण्यांत नव्याने आले, म्हणून आपण वरच्या पायरीवर." वाचून डोकं फिरलं. अरे भाऊ, अमेलोजेनिन म्हणजे इनॅमल घडवणारं प्रोटीन, त्याचा जीन १९९८ मध्येच केमन मगरीत सापडला, बेडकातही सापडला. गार नावाच्या माशाच्या खवल्यावर जो चमकदार थर असतो ना, तो बनवायलाही इनॅमेलिन अन् अमेलोब्लास्टिन ही इनॅमलचीच प्रोटीनं लागतात, म्हणजे हा माल सस्तन प्राण्यांच्या भल्ल्या आधीचा. अन् पायऱ्याच असत्या तं आपल्या जंगलातल्या बिनदाताच्या खवल्या मांजरात इनॅमेलिनचा जीन मोडून कसा पडला? ते सस्तनच हाय ना? कोंबडीतही अमेलोजेनिनचे मोडके अवशेष हायेत. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे जीनोम तपासले तं सगळ्यांत काही मोडतोड सारखीच निघाली, म्हणजे त्यांच्या पूर्वजाचं इनॅमल साधारण ११.६ कोटी वर्षांपूर्वीच गेलं होतं.

सर चंद्रपूर: पोस्ट माझी आहे. सस्तनांचं इनॅमल जाड, प्रिझमचं, म्हणजे स्फटिकांच्या जुड्यांचं. सरपटणाऱ्यांचं पातळ, बिनप्रिझमचं. आणि केएलके४ जीन फक्त सस्तनांतच आहे, इनॅमल पक्कं होताना आत उरलेलं प्रोटीन तोच तोडून काढतो. हे नवीन नाही तर काय?

कापूसवाला वणी: तुम्ही "नसते" लिहिलं होतं सर, "पातळ असते" नाही. अन् युरोमॅस्टिक्स सरड्याच्या इनॅमलमध्ये प्रिझम हायेत, त्याचं काय करता?

झरीचा पोरगा: तुम्ही इनॅमलवर बोलून राहिले म्हणून सांगतो. आमच्या वस्तीत बोअर झाली त्यानंतर जन्मलेल्या लेकरांचे दात पाहा, आधी खडूसारख्या पांढऱ्या रेघा, मग तपकिरी डाग अन् बारीक खड्डे. माह्या बहिणीला पाहायले पाहुणे आले, चहा व्हायच्या आधीच मुलाची आत्या म्हणते, पोरगी तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते काय? पोरगी आत गेली ते बाहेर आलीच नाही. फिल्टरची टाकी बसवली होती, ती बंद पडली, अर्ज देऊन देऊन थकलो, कोणी फिरकत नाही.

नागपूरकर: प्रत्येक गोष्ट पाण्यावर ढकलू नका. आमच्या काकाने तेच पाणी प्यायलं, दात पांढरेशुभ्र. खर्रा बंद करा आधी.

झरीचा पोरगा: तुमचे काका तिथं लहानाचे मोठे झाले का? माह्या बहिणीनं सुपारीला हात लावला नाही कधी. शहरात आरओचं पाणी पिऊन आम्हाले शिकवू नका.

नागपूरकर: आरओ फुकट नाही मिळालं, कमावून घेतलं. आणि खर्रा किती जण खातात ते पानठेल्यावर उभं राहून मोजा एकदा.

दातवाली ताई: दोघंही थांबा. खर्ऱ्याचा डाग वरून बसतो, बराचसा घासून निघतो. हे झरीचे भाऊ सांगतायत तो डाग दात हिरडीत असतानाच आत बसलेला असतो. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून जातात, म्हणून मोठेपणी आलेल्या काकांना काही होत नाही अन् लेकराला होतं. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दातातलं अमेलोजेनिन वेळेवर निघून जात नाही, सर ज्या केएलके४ची गोष्ट सांगतात तेच साफसफाईचं काम अर्धवट राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. माझ्याकडे पांढरकवड्याकडून येणाऱ्या लेकरांचे दात पाहून मी आता खर्ऱ्याचं विचारतच नाही, आधी पाणी कुठलं ते विचारते.

नागपूरकर: काकांचं ठीक आहे, मानलं. खर्ऱ्याबद्दल माझं मत तेच राहील.

सर चंद्रपूर: "नसते" हा शब्द काढतो, तेवढ्यावर खूश व्हा. पण मगरीला आयुष्यभर नवे दात येतात अन् आपल्याला दोनदाच, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

कापूसवाला वणी: वरचा दात खालच्यावर नेमका बसवून चावायचा तं दात सारखे बदलून चालत नाही, असं मानतात. मगर चावून खात नाही, धरते अन् गिळते. मंग असे जपून ठेवायचे दात जाड इनॅमलचेच लागतील ना.

झरीचा पोरगा: ताई, बोअरचं पाणी तपासायले कुठं द्यायचं? बाटली कशी भरायची तेही सांगा.