मदत हवी आहे: फराळाच्या जाहिरातीत एआय कुठे वापरावं आणि कुठे नाही?

नमस्कार मंडळी,

इथे जाहिरात, डबिंग, एडिटिंगमधले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

मी अंधेरीतल्या एका छोट्या प्रॉडक्शन युनिटमध्ये दिग्दर्शन करते. लालबागला पिढीजात फराळाचं दुकान असलेल्या एका कुटुंबाची दिवाळीसाठीची ३० सेकंदांची जाहिरात आमच्याकडे आली आहे. दुकान सासू-सून मिळून चालवतात. सूनबाई म्हणतात, "ताई, हल्ली सगळं एआयवर होतं ना? मग शूटचा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. कॅमेरा, लाइट, फूड स्टायलिस्ट धरले की त्यांच्यासारख्या दुकानाला तो आकडा जड जातो. त्यामुळे त्यांना नुसतं 'नको' सांगून भागणार नाही.

अडचण अशी की एआयच्या क्लिप्स चकचकीत येतात, पण चकली चुकते. काटे कुठे बोथट, कुठे नाहीतच. सोऱ्यातून पीठ पडत पडत वेटोळं व्हायला हवं, तर इथे अख्खी चकली एकदम प्रकट होते. सोऱ्या धरलेल्या हाताची बोटं मधेच एकमेकांत मिसळतात. नऊवारीचा काष्टा एका शॉटमध्ये असतो, पुढच्यात नसतो. पाकिटावरची देवनागरी तर बघवत नाही, जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जातात. जी बाई घरी भाजणी भाजते तिला हे एका नजरेत कळेल, आणि आमचं गिऱ्हाईक तीच आहे. शिवाय दुकानात विकली जाणारी चकली वेगळी आणि पडद्यावरची वेगळी, हे मला पटत नाही. जाहिरात दिशाभूल करणारी नसावी हे जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही आहे.

तरी मी एआयच्या विरोधात नाही. २०२१च्या दिवाळीतली कॅडबरीची जाहिरात आठवत असेल. शाहरुख खान खरा होता, कल्पना माणसांची होती, आणि त्याच्या तोंडी गल्लोगल्लीच्या दुकानांची नावं घालायचं काम यंत्राने केलं. हाताने ते कधीच झालं नसतं. उलट २०२४मध्ये कोका-कोलाने नाताळची जाहिरात एआयने बनवली तेव्हा लोकांनी ती निर्जीव म्हणून नाकं मुरडली. मला वाटतं, आमच्यासारख्या छोट्या कामातही वाटणी पहिल्या पद्धतीची असावी.

माझा बेत असा: त्यांच्याच स्वयंपाकघरात एका दिवसाचं शूट. सासूबाईंचे हात, कढई, तळणीचा आवाज आणि पाकीट, हे सगळं खरं. स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार चित्रं, आमचा नेहमीचा आर्टिस्टच काढणार, त्याच्या चौकटींवरून एआयने हलता आराखडा करायचा, म्हणजे शूटच्या दिवशी वेळ वाया जाणार नाही. मागची चाळ, गॅलरीतले कंदील आणि रात्रीचं आकाश एआयने वाढवायचं. मोबाइलसाठी उभी आवृत्ती आणि ६ सेकंदांचे तुकडे करायलाही त्याची मदत घ्यायची. कुणी असं मिश्र काम केलंय का? खऱ्या शूटच्या उजेडाशी एआयची पार्श्वभूमी जुळवताना रंग आणि ग्रेन (चित्रातला बारीक दाणेदारपणा) कसे सांभाळलेत? हिरवा पडदा लावावा की खिडकीबाहेरचा भाग नंतर बदलणं सोपं पडेल?

सगळ्यात जास्त काळजी मला आवाजाची आहे. मराठी निवेदन एका अनुभवी डबिंग कलाकार बाई करणार आहेत. हिंदी आणि गुजराती आवृत्त्या त्यांच्याच आवाजाच्या क्लोनवर, म्हणजे एआयने केलेल्या नकलेवर कराव्यात, असं क्लायंटच्या मनात आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. पण ते प्रसिद्ध गायक. आमच्या बाईंचं नाव कुणाला माहीत नाही, पोट मात्र त्याच आवाजावर आहे. त्यांनी स्वतः हिंदी केलं असतं तर त्याचे वेगळे पैसे मिळाले असते, ते बुडता कामा नयेत. म्हणून करारात कोणत्या भाषा, किती महिने, कोणत्या माध्यमांवर, दर आवृत्तीला किती मानधन, आणि मुदत संपल्यावर आवाजाचं मॉडेल पुसून टाकायचं, इतकं सगळं लिहून घ्यावं असं वाटतं. कुणाकडे अशा कलमांचा मराठीतला मसुदा आहे का? आणि दर आवृत्तीचं मानधन मूळ रेकॉर्डिंगच्या किती टक्के धरतात?

यूट्यूबवर खरा वाटेल असा कृत्रिम भाग असेल तर व्हिडिओ चढवताना तसं नोंदवावं लागतं, ते आम्ही करूच. पण जाहिरातीतही एक ओळ टाकावी का? सूनबाईंना भीती आहे की 'एआय' वाचून लोक चकलीही खोटी समजतील. मला वाटतं, "पदार्थ आणि हात खरे, पार्श्वभूमी एआयने तयार केलेली" असं स्पष्ट लिहिलं तर विश्वास वाढेल. ज्यांनी अशी ओळ टाकली आहे त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल.

कोटेशन पुढच्या आठवड्यात द्यायचं आहे. दरांबद्दल इथे लिहिणं अवघड वाटत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. सूनबाईंना दाखवता येईल असं मिश्र पद्धतीचं तुमचं एखादं काम असेल, तर त्याची लिंक मात्र इथेच द्या.