व्हीलचेअरवरून जमवलेला पैसा सगळा संशोधनालाच का?

तळेगावकर
रिक हॅन्सन नव्या मंडळींना कदाचित माहीत नसेल. कॅनडाचा व्हीलचेअर धावपटू. पंधराव्या वर्षी पिकअप ट्रकच्या अपघातात मणक्याला मार बसला, पाय लुळे पडले. २१ मार्च १९८५ ला व्हँकुव्हरहून निघाला तो ३४ देश आणि ४०,००० किलोमीटर हातांनी चाकं रेटत २२ मे १९८७ ला परतला. २.६ कोटी डॉलर जमवले.

माणूस अफाट, त्यात वाद नाही. माझा आक्षेप आताच्या पद्धतीवर आहे. विंग्ज फॉर लाइफ या संस्थेची निधी जमवण्याची धाव २०१४ पासून होते. अर्ध्या तासाने मागून गाडी सुटते, तिने गाठलं की तुमची शर्यत संपली. प्रवेश शुल्काचा पैन् पै मज्जारज्जूच्या संशोधनाला. ठीक. पण खुर्चीतल्या माणसाला आज काय हवंय? धड कुशन, रोजचे कॅथेटर (लघवीच्या नळ्या), बँकेच्या दारात रॅम्प. निम्मा पैसा तरी तिकडे वळवा की! अपंगांनीच घाम गाळून 'आम्हाला दुरुस्त करा' म्हणत फिरायचं, हे मला खटकतं.

मिरजेची फिजिओ
साफ असहमत. संशोधन म्हणजे फक्त पुन्हा चालणं, हे कुणी सांगितलं? किम अँडरसन या संशोधिका स्वतः अशा दुखापतीसह जगतात. त्यांनी २००४ मध्ये रुग्णांनाच विचारलं. मानेपासून खाली लुळे पडलेल्यांनी पहिली पसंती दिली हातांना. कमरेखाली लुळे पडलेल्यांनी लैंगिक क्षमतेला. चालणं पहिलं नव्हतंच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका यंत्राला परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया नाही, त्वचेवरूनच मज्जारज्जूला विद्युत उत्तेजन, आणि काही रुग्णांच्या हातात ताकद येते. ज्याला दुसऱ्याने भरवावं लागतं त्याला हाताने चमचा धरता येणं म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा.

तळेगावकर
आणि ते यंत्र इस्लामपूरला कधी पोचणार?

खडकीवाला
इस्लामपूरचं नाव निघालंच आहे तर मुरलीकांत पेटकर तिथलेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. इलाज कुठे सापडला होता? त्याआधी इंग्लंडात १९४४ पासून डॉक्टर गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांची दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, म्हणून माणसं जगली. आमच्या खडकीत जखमी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र तरी आहे. झाडावरून पडलेल्या शेतमजुराला काय आहे? तो मणक्याने मरत नाही, बेडसोरच्या (एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमांच्या) जंतुसंसर्गाने मरतो. तळेगावकरांना +१.

मिरजेची फिजिओ
दर दोन तासांनी कूस बदलायची, हे गुटमनना आकाशवाणीने कळलं का? तेही कुणीतरी रुग्णांवर लक्ष ठेवून शोधलंच ना.

चाकावरची
इथे मी एकटीच खुर्चीत बसून लिहितेय बहुधा. (हो, तुम्ही सगळेही खुर्चीतच आहात, पण मला हे टाइप करता करता दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन कुशनवरून उठावं लागतं. नाहीतर खडकीवाल्यांनी सांगितलं तेच व्हायचं.)

तळेगावकर, उदाहरण तुम्हीच चुकीचं निवडलंत. हॅन्सनचा निधी संशोधनासोबत पुनर्वसन, व्हीलचेअर खेळ आणि जनजागृती यांसाठीही होता. आज त्याची संस्था इमारती अपंगांना वापरता येतात का, हे तपासून प्रमाणपत्रं देते. म्हणजे तुमचा रॅम्प आलाच. आणि 'दुरुस्त करा' म्हटल्याने माझा अपमान होत नाही. लघवीवर ताबा परत मिळणार असेल तर मी स्वतः पावती फाडेन. माझा अपमान होतो तो चार जणांनी खुर्चीसकट उचलून मंगल कार्यालयात नेलं की.

तळेगावकर
हॅन्सनचा मुद्दा मान्य. मग विंग्जवाल्यांनीही तसंच का करू नये?

मिरजेची फिजिओ
कारण ती संस्था काढलीच संशोधनासाठी. कार्यालयाचा खर्च रेड बुल उचलते, म्हणून शुल्क सगळं तिकडे जातं. मंगल कार्यालयाचा रॅम्प ऑस्ट्रियातल्या संस्थेने का बांधायचा? २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आपलाच आहे. त्याची वर्गणी नाही, अंमलबजावणी मागा.

खडकीवाला
मागितली आहे. आमच्या वॉर्डात रॅम्प झालाय. इतका उभा की खुर्ची मागे घसरते.