मदत हवी आहे: शेवंती उदंड वाढलीय, पण दोन वर्षं कळीच धरत नाही

नमस्कार मंडळी,

अंगणातल्या वाफ्यात माझी ८ वर्षांची शेवंती आहे. पिवळी, बारीक पाकळ्यांची, गच्च भरलेली. दर वर्षी फुलं सरली की झुडपं जमिनीलगत चार बोटं ठेवून छाटते आणि बुडातून येणाऱ्या काश्या वेगळ्या करून लावते. आईने दिलेल्या एका काशीपासून हा सगळा वाफा झालाय. आई आता नाही, त्यामुळे ही शेवंती मला हातची जाऊ द्यायची नाही.

गेल्या वर्षी एकही फूल आलं नाही. नेहमीचं शेणखत घालायचं राहिलं होतं, म्हणून उपासमार झाली असेल असं वाटलं. यंदा लागवडीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत घातलं, पुढे दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी दिलं. शेंडे दोनदा खुडले. मधे मावा पडला होता, तो निंबोळी तेलाच्या फवारणीने गेला. ऊन ६ तास तरी मिळतं, पाणी साचत नाही. झुडपं गुडघ्याच्या वर गेलीत, पानं काळपट हिरवी आणि रुंद. त्याच वाफ्यातली जास्वंद आणि सदाफुली नेहमीसारखी फुलताहेत. शेवंतीचा शेंडा नखाने उलगडून पाहिला, तर पानाच्या आत पान, त्याच्या आत आणखी कोवळं पान. कळीचा मागमूस नाही.

आणि एक कोडं. वाफ्यात जागा उरली नाही म्हणून एक काशी पाण्याच्या टाकीमागे फुटक्या बादलीत खोचली होती. तिला ना खत, ना वेळेवर पाणी. काल पाहिलं तर वीतभर रोपावर शर्टाच्या बटणाएवढ्या ११ कळ्या! माती बदलू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
पेंड ताबडतोब बंद करा. नत्र जास्त झालं की झाड पानांवरच जातं. रुंद, काळपट पानं ही त्याचीच खूण. बादलीतल्या रोपाला काही मिळालं नाही म्हणून त्याने कळ्या धरल्या.

धागाकर्ती:
धन्यवाद, पेंड आजपासून बंद. पण गेल्या वर्षी तर खत अजिबात नव्हतं, तरीही कळी आली नाही. त्यामुळे एवढंच कारण असेल असं मन मानत नाही.

दुसरा प्रतिसाद:
ताई, रात्री वाफ्यावर कुठला दिवा पडतो का?

शेवंती रात्रीच्या लांबीवर फुलते. दिवस लहान व्हायला लागून सलग काळोख मोठा झाला, की शेंडा पानं काढायचं थांबवून कळी धरतो. ही जाण पानांत असते. मधेच उजेड पडला तर झाडाच्या लेखी ती लांब रात्र मोडते आणि ते उन्हाळ्यासारखं वाढतच राहतं. दिवा मंद असला तरी पुरतो. झाडांच्या या वागण्यावर गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज शेवंतीचे व्यापारी बागाईतदार तेच वापरतात: फुलं उशिरा हवी असली की मध्यरात्री दिवे लावतात, लवकर हवी असली की काळं कापड पांघरतात. पॉइन्सेटियाचंही असंच, रात्री उजेड असेल तर त्याची वरची पानं लाल होत नाहीत.

आज रात्री वाफ्यात उभ्या राहा आणि पानांवर हात धरा. हाताची सावली दिसते का बघा. मग टाकीमागे जाऊन तेच करा.

धागाकर्ती:
रात्री सव्वाअकराला जाऊन आले. वाफ्यात माझी पाचही बोटं पानांवर वेगवेगळी दिसली. टाकीमागे बादलीसुद्धा चाचपडत शोधावी लागली.

सासऱ्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, ते एकदा पायरीवर घसरले होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे दिवा बसवला. तो रात्रभर चालू असतो. तेव्हापासूनच शेवंती रुसलीय, आणि मी मातीला दोष देत बसले. दिवा मात्र बंद करता येणार नाही. काय करू?

दुसरा प्रतिसाद:
बंद करूच नका, त्याला आडोसा करा. पत्र्याची पट्टी वाकवून वाफ्याच्या बाजूने झाकण बसवा, उजेड फक्त पायऱ्यांवर पडू दे. माणूस आला की लागणारा दिवाही चालतो, पण त्याचंही तोंड वाफ्याकडे नको. सध्या रात्री आपोआपच लांब आहेत, त्यामुळे दिव्याचा उजेड अडला की काम झालं. आडोसा होईपर्यंत चार काठ्या रोवून संध्याकाळी दुहेरी काळं कापड टाका, सकाळी काढा. कापड पानांना टेकू देऊ नका आणि एकही रात्र चुकवू नका. आता शेंडे अजिबात खुडू नका, कळी तिथेच येणार आहे. साधारण ३ ते ४ आठवड्यांत दिसेल. फूल उमलायला जातीनुसार आणखी काही आठवडे लागतात.

धागाकर्ती:
आज २४ वा दिवस. पहिल्या पाच रात्री कापड टाकलं, मग पत्र्याचं झाकण बसलं. सासऱ्यांनी स्वतः पायरीवर उभं राहून ते कुठवर वाकवायचं ते सांगितलं. त्यांना पायऱ्या पूर्वीइतक्याच स्पष्ट दिसतात.

सकाळी शेंडा उलगडला. पानांच्या मधोमध हिरवा, चपटा, मसुराएवढा दाणा होता. मग एकेक झुडूप बघत गेले. भिंतीकडच्या सहा झुडपांवर कळ्या आहेत, पायरीजवळच्या दोघांवर अजून नाहीत. तिथे पत्र्याच्या कडेवरून थोडा उजेड झिरपतो, ती फट आज बुजवतेय.

बादलीतली शेवंती उमलली आहे. तीच पिवळी. फुलं सरल्यावर तिच्या काश्या आधी काढून ठेवणार आहे. जुन्या झुडपाचा मधला भाग लाकडासारखा झालाय, तो टाकून कडेच्याच काश्या घ्यायच्या ना?

दुसरा प्रतिसाद:
हो, कडेच्याच. बुडाशी पांढरी मुळं सुटलेल्या निवडा आणि दोन वेगळ्या जागी लावा.