साथ चालू असताना रुटीन तपासणीला जायचं की थांबायचं? (सोलापूर, जुलै 2021)

पार्कचौक

दुसरी लाट ओसरली, तिसरीची चर्चा सुरू झालीय. आशाताई तिशीवरच्यांचा सीबॅक फॉर्म घेऊन दारात आल्या की बऱ्याच घरांतून एकच उत्तर मिळतं, 'आम्हाला काही होत नाही, दवाखान्यात जाऊन कोरोना कशाला आणायचा?' ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला बीपी-शुगरचा इतिहास यांना गुण देणारा हा फॉर्म. बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं.

माझं मत सरळ आहे. जावं. देशातल्या 41 कर्करोग केंद्रांची आकडेवारी मे महिन्यात 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आली. मार्च ते मे 2020 मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा 54 टक्क्यांनी घटली. 70 टक्क्यांहून जास्त केंद्रांत स्क्रीनिंग एकतर पूर्ण बंद, नाहीतर नेहमीच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. कॅन्सरने काही लॉकडाऊन पाळला नव्हता.

दुसरं, शुगर. कोरोनात ऑक्सिजन लागला की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू होतं, रोज 6 मिलीग्रॅम, दहा दिवसांपर्यंत. आपल्याला मधुमेह आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याची शुगर त्यावर भडकते. म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांत मधुमेह आणि स्टिरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली ती त्यामुळेच. शुगर आधीपासून माहीत असण्याची गरज साथीत वाढते, कमी होत नाही.

शेंगाचटणी

साफ असहमत. 'जावं' म्हणजे कुणी जावं आणि कशासाठी? लोकं पाच-सात हजारांची फुल बॉडी पॅकेजं करूलालेत, त्यात डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची) आणि सीआरपी (सूज-दाहाची) या चाचण्या पण घुसडलेल्या असतात. काही त्रास नसलेल्या माणसात या दोन चाचण्यांचा उपयोग शून्य. किंचित वाढलेल्या आल्या की माणूस घाबरून सीटी काढायला पळतो. सुदृढ लोकांच्या सरसकट तपासण्यांवरचे प्रयोग कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेने एकत्र करून पाहिले, 2012 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये. मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

आणि सरकारी कार्यक्रमातली अंतरंच बघा की. बीपी-शुगर वर्षातून एकदा. तोंड, स्तन, गर्भाशयमुख पाच वर्षांतून एकदा. पाच वर्षांच्या अंतरात सहा महिने इकडे-तिकडे झाले तर काय बिघडतं? उस्मानाबादच्या प्रयोगात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी निगेटिव्ह आलेल्या एकाही बाईचा पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मृत्यू झाला नाही. अशा बाईने कोरोनाची लस न घेता ओपीडीच्या बाकावर दीड तास बसायचं कारण मला कुणी सांगावं.

विडीघरकुल

कारण सांगते. उस्मानाबादच्या प्रयोगातला अर्धाच भाग तुम्ही सांगितलात.

तो प्रयोग टाटा मेमोरियल आणि आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने मिळून केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण त्याच प्रयोगात व्हीआयए (डोळ्यांनी बघून करायची तपासणी) निगेटिव्ह आलेल्या बायकांत पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्हवाल्यांच्या चौपट होतं: लाखामागे 16 विरुद्ध 3.7. आपल्या आरोग्य केंद्रात होते ती व्हीआयए. 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का ते डोळ्यांनी पाहायचं. स्वस्त आहे, निकाल तिथल्या तिथे मिळतो, पण बघणाऱ्या नर्सच्या सवयीवर अवलंबून आहे. तिच्या निगेटिव्हवर एचपीव्हीइतकं निर्धास्त राहता येत नाही.

आणि अंतर कुणाला लागू होतं? जिची आधी एकदा झाली आहे तिला. कुंभारीच्या घरकुलात किंवा नीलमनगरात चाळिशीतल्या दहा विडी कामगार बायकांना विचारा, आयुष्यात एकदा तरी झाली का. त्यांच्या बाबतीत 'सहा महिने पुढे' म्हणजे नेमकं कशाच्या पुढे?

तोंडाचं तर साथीतही अडायला नको. सुरुवात घरीच करता येते. हात धुवा, कवळी काढा, खिडकीपाशी आरशासमोर बसा, मोबाइलची बॅटरी लावा. आधी ती जागा बघा जिथे तंबाखू किंवा मिश्री धरता: खालचा ओठ उलटून आतली बाजू, मग गाल बोटाने ताणून हिरडीपर्यंत. नंतर जीभ बाहेर काढा, टोक स्वच्छ फडक्यात धरून डावीकडे-उजवीकडे वळवा. कडा नीट बघायच्या, घाई तिथेच होते. जीभ वर उचलून खालची जागा, मग टाळू. शेवटी जबड्याखाली आणि मानेला बोटं फिरवून गाठ लागते का ते. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात न जाणं, यातलं एकही असलं तर ती रुटीन तपासणी राहिली नाही. लाट असो नसो, त्याच आठवड्यात दाखवायचं. केरळच्या प्रयोगात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसतं डोळ्यांनी तोंड पाहिलं, तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले.

लॅबवाला_अक्कलकोटरोड

दोघांच्या भांडणात तिसरं बोलतो, कारण 'घरी बोलवा, सँपल देऊन टाका' हा सल्ला आता सगळेच देतात आणि त्यात घोळ होतात.

शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या नळीत गेलं पाहिजे. तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला 5 ते 7 टक्के. सकाळी सातला रक्त घेतलं, पोरगा आणखी आठ घरं करून साडेदहाला लॅबमध्ये पोचला, तर उपाशीपोटीची 130 ची शुगर 105-110 दिसू शकते. म्हणजे मधुमेही माणूस मधुमेह नसलेला दिसतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत तर विचारूच नका. पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं आणि रिपोर्ट बघून घरात रडारड. घरी येणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: राखाडी नळी आहे का, बर्फाचा डबा आहे का, आणि आपल्यानंतर किती घरं आहेत. शेवटचं घर आपलं असेल तर उत्तम.

त्यापेक्षा एचबीए1सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) सोयीचं. जांभळ्या झाकणाची नळी, उपाशीपोटी असायची गरज नाही, दुपारी गर्दी नसताना या, फ्रिजमध्ये नमुना काही दिवस टिकतो. 6.5 किंवा वर म्हणजे मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री करायचीच. एक खोच आहे. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा वाढतो, अंगातून रक्त गेलेलं असेल तर खोटा कमी येतो. तेव्हा हिमोग्लोबिन सोबत बघा. आणि कोरोनात स्टिरॉइड घेऊन नुकताच बाहेर पडलेल्याचा एचबीए1सी तीन महिन्यांची सरासरी असल्याने त्यात स्टिरॉइडची शुगर मिसळलेली असते. त्याच्यावरून कायमचा मधुमेही ठरवू नका.

शेंगाचटणी

@विडीघरकुल, 'आधी एकदाही नाही' हा मुद्दा मान्य. तो गट वेगळा. पण मग पुढचं पण बोला. व्हीआयए पॉझिटिव्ह आली, तिची कॉल्पोस्कोपी (गर्भाशयमुखाची भिंगातून तपासणी) कुठे आणि कधी? एप्रिलमध्ये सिव्हिलचे वॉर्ड कोविडने भरले होते. बार्शी 70 किलोमीटर. पुढची सोय चालू नसताना स्क्रीनिंग करणं म्हणजे बाईच्या हातात नुसती भीती देऊन घरी पाठवणं. आणि शिबिरात एकाच खोलीत पन्नास बायका, बाहेर मांडवात शंभर. या शिबिरांना माझा विरोध कायम.

विडीघरकुल

शिबिराला माझाही विरोध. केंद्रात वेळ देऊन, तासाला चार-पाच जणी, खिडक्या उघड्या, आणि पॉझिटिव्ह आलेलीची पुढची तारीख तिथेच वहीत लिहायची. तारीख देता येत नसेल तर त्या आठवड्यात नवीन बायका बोलवायच्या नाहीत. बीपी-शुगर मात्र तेव्हाही चालू ठेवता येतं, गोळी तर जवळच मिळते. तुम्ही सगळंच बंद म्हणता, तिथे आपलं जमत नाही.

पार्कचौक

बीपीसाठी तर केंद्रातही जायला नको. दंडावरचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे हवा. नेहमीचा साधारण 22 ते 32 सेंटीमीटरसाठी असतो. जाड दंडाला तोच बांधला तर बीपी खोटं वाढतं. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला ठेवायचा. मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी 135/85 म्हणजे दवाखान्यातलं 140/90. त्याच्या वर असेल तर कागद घेऊन डॉक्टरांकडे. एकदाच बघून 150 आलं म्हणून कुणाची उरलेली गोळी सुरू करू नये, हे आपल्याकडे फार चालतं.

@शेंगाचटणी, पॅकेजांबद्दल तुमचं बरोबर आहे. मी त्यासाठी 'जावं' म्हटलं नव्हतं.

शेंगाचटणी

धाग्याच्या नावात 'रुटीन तपासणी' आहे. लोक त्याचा अर्थ पॅकेजच घेतात. आणि साठीच्या पुढचे, दोन्ही डोस न झालेले, आधीचे रिपोर्ट नॉर्मल असलेले, यांनी या महिन्यात थांबावं हे मी अजून म्हणतो. आधी लस, मग तपासणी.

चादरटॉवेल

मध्येच विचारतो. आईचं वय 52, कोविशील्डचा पहिला डोस डाव्या दंडात झालाय, दुसरा 84 दिवसांनी. वर्षाची मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) मागच्या महिन्यात व्हायला हवी होती. आधी लस की आधी मॅमोग्राफी?

क्षकिरण

लस थांबवायची नाही. लशीनंतर त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे सुजू शकतात, फिल्ममध्ये दिसतात आणि मग सोनोग्राफी, कधी सुईने नमुना, असा नसता व्याप होतो. म्हणून अमेरिकेतल्या स्तन-इमेजिंग तज्ज्ञांच्या संस्थेने जानेवारीत सांगितलं की मॅमोग्राफी पहिल्या डोसच्या आधी, नाहीतर दुसऱ्यानंतर 4 ते 6 आठवड्यांनी करा. त्यांच्याकडे दोन डोसांत तीन-चार आठवड्यांचंच अंतर. आपल्याकडे ते 12 ते 16 आठवडे, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा पाळला तर पहिल्या डोसपासून चारेक महिने तरी जातील. माझ्या मते पहिल्या डोसला सहा आठवडे झाले की मधल्या काळात करून घ्या. फॉर्मवर डोसची तारीख आणि 'डावा दंड' लिहायला सांगा, मागच्या फिल्म सोबत न्या; तुलनेला जुनी फिल्म असली की निम्म्या शंका तिथेच मिटतात. सकाळची पहिली वेळ मागा, खोली बंद आणि एसीची असते.

हे सगळं गाठ नसेल तर. हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा कातडी आत ओढली गेली असेल, तर डोसचा हिशेब करत बसू नका.

चादरटॉवेल

गाठ वगैरे काही नाही. पहिल्या डोसला पाच आठवडे झालेत.

क्षकिरण

मग पुढच्या आठवड्यानंतरची वेळ घ्या. दुसऱ्या डोससाठी उजवा दंड सांगू नका, दोन्ही एकाच बाजूला असलेले वाचायला बरे.