मदत हवी आहे: विंडोज ११ सोबत उबुंटू टाकायचं आहे, इन्स्टॉलर ‘आरएसटी बंद करा’ म्हणून थांबतो

नमस्कार मंडळी,

कराडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, यात्रा कमिटीचे अहवाल, स्मरणिका. दुकानातला डेस्कटॉप उन्हाळ्यात बंद पडला आणि तेव्हापासून सगळं काम घरच्या एकुलत्या लॅपटॉपवर आलंय. लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं, त्यातलं उबुंटू. दुसरा लॅपटॉप यंदा घेणं शक्य नाही. म्हणून याच मशीनवर दोन्ही बसवायचं ठरवलं.

विंडोज काढून टाकता येत नाही, त्याचं कारण आधीच सांगतो. माझं काम पेजमेकरमध्ये आणि जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत आहे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण वाचता येत नाही. फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) लागतो, आणि त्याची मूळ सीडी आता चालत नाही. म्हणजे विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर ते सॉफ्टवेअर परत बसवता येणार नाही. याच फाइलींत माझ्या वडिलांनी शेवटच्या दोन वर्षांत टाइप केलेले, गावच्या भजनी मंडळाच्या वहीतले अभंग आहेत. मूळ वही ओल लागून गेली. फाइलींच्या दोन प्रती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्यात, पण त्या वाचायला हीच विंडोज लागते.

मशीन: अकराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम, यूईएफआय.

आतापर्यंत केलेलं: उबुंटू २४.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार केला. तो बूट होतो, ‘वापरून पाहा’मध्ये वायफाय, टचपॅड, आवाज सगळं चालतं. पण इन्स्टॉल करायला गेलं की आरएसटी (डिस्क सांभाळणारी इंटेलची यंत्रणा) बंद करा असा संदेश येतो आणि पुढे जाता येत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्हीएमडी नावाचा पर्याय होता, तो बंद केला. मग विंडोज सुरूच होईना. निळा पडदा, बूट डिव्हाइस सापडत नाही. पर्याय परत चालू केल्यावर विंडोज आली, पण ती दहा मिनिटं फार वाईट गेली.

दुसरी अडचण जागेची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर अडीचशे जीबीच्या वर जागा रिकामी दिसते, तरी श्रिंक (ड्राइव्ह लहान) करताना फक्त २१ जीबी देतंय.

विंडोजला धक्का न लावता हे कसं करायचं? तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याआधी उरकायचंय.

प्रतिसाद १
काका, नुसतं सी आणि शेल स्क्रिप्ट असेल तर विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करा. पार्टिशनला हात लावायलाच नको.

धागाकर्ता
तेच आधी सुचलं होतं. पण तिला पुढे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारे प्रोग्राम) लिहायचेत. शिवाय तिला स्वतः लिनक्स बसवून, बिघडवून, दुरुस्त करून शिकायचंय. तिची ही इच्छा मला महत्त्वाची वाटते.

प्रतिसाद २
तुमची विंडोज बिघडलेली नव्हती. आरएसटी व्हीएमडीवरच चालते. व्हीएमडी चालू असताना एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोज त्याचाच ड्रायव्हर घेऊन सुरू होते. तो पर्याय अचानक बंद केला की सुरू होताना तिच्याकडे साध्या पद्धतीचा ड्रायव्हर तयार नसतो. सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होण्याच्या पद्धतीत) मात्र ती तो शोधून लावते. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा. हे न करता बायोस बदललात तर विंडोज तीच की मागत बसेल. त्यानंतर एमएसकॉन्फिग उघडून बूटमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. खूण काढा, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड आजच तपासून ठेवा. इथे बरेच जण अडकतात.

जागेचं म्हणाल तर मधे न हलणाऱ्या फाइली बसल्यात. हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा. नंतर पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू करा, पण फास्ट स्टार्टअप बंदच राहू द्या. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबुंटूला तुमचा सी ड्राइव्ह नीट वापरता येत नाही. इन्स्टॉल करताना विंडोजचंच ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा भाग) वापरायचं. ते फॉरमॅट करायचं नाही, एवढं लेकीला बजावून सांगा.

धागाकर्ता
रविवारी दोघं मिळून बसलो. एन्क्रिप्शन चालूच होतं, ते उतरायला तासभर गेला. सेफ मोडने खरंच पिन घेतला नाही, पासवर्ड लिहून ठेवला होता म्हणून निभावलं. श्रिंकमध्ये या वेळी हवे तेवढे १०० जीबी मिळाले. इन्स्टॉलची सगळी पानं लेकीने वाचली, ईएफआयचं पान दोनदा. आता सुरू करताना दोन्ही नावं दिसतात. विंडोजमध्ये जाऊन सगळ्यात आधी डोंगल लावला आणि वडिलांची फाइल उघडली. पहिल्या पानावरचा अभंग जसाच्या तसा आहे. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एक शंका राहिली. उबुंटूतून विंडोजमध्ये आलं की घड्याळ मागे जातं. सकाळी दहाला साडेचार दाखवत होतं. बॅटरी गेली असेल का?

प्रतिसाद २
बॅटरी चांगली आहे. फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे बघा. उबुंटू मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. उबुंटूत टाइमडेटसीटीएल या आज्ञेने ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा. लेकीला नेमका पर्याय त्या आज्ञेच्या मदतपानात सापडेल.

धागाकर्ता
तिने केलं. १० वाजून ४० मिनिटं, दोन्हीकडे.